लहान मुलांकडून गेम तपासून घेणं : प्रकल्प नोंदी

गेम : टॅब्लेटवरचा, उड्या आणि कोडी असलेला. वयोगट ६ ते १२. इंजिन (गेम बांधायचं सॉफ्टवेअर) युनिटी. नोंदी चाचणी गटाच्या सामाईक वहीतल्या. फक्त टोकन क्रमांक आणि अंतर्गत नावं काढली आहेत.

३ फेब्रुवारी : प्रश्न आधी सोडवून घेतला

"मुलं चांगली टेस्टर असतात का?" असं कोणी विचारलं की दोन निराळी कामं एका पिशवीत पडतात. पहिलं काम दोष शोधण्याचं: बग सापडणं, तो पुन्हा घडवून दाखवणं, पायऱ्या लिहिणं, दुरुस्त झालेल्या बिल्डवर (गेमच्या नव्या तयार प्रतीवर) तो गेला का ते बघणं, आणि त्याच लेव्हलवर तेच पुन्हा पुन्हा करणं. दुसरं काम खेळून बघण्याचं: खेळ कळतो का, कुठे अडतो, कुठे कंटाळा येतो. दुसऱ्या कामात मुलाला पर्याय नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाला काय कळत नाही हे मोठ्या माणसाला ओळखता येत नाही. पहिल्या कामातला मात्र फक्त पहिला तुकडा मुलं करू शकतात, म्हणजे बग घडवणं. पुढचं सगळं आपलं.

ॲलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये तंत्रज्ञानाच्या रचनेत मुलांच्या चार भूमिका मांडल्या: वापरणारा, तपासणारा, माहिती देणारा आणि रचनेतला भागीदार. त्यातला 'तपासणारा' म्हणजे नमुना हाताळून बघणारं मूल. दिवसभर खुर्चीत बसून बगची यादी भरणारा नोकर त्यांना अभिप्रेत नाही. नोकरी हा शब्द तर इथे आणायचाच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या १३८ व्या करारात कामाचं किमान वय सर्वसाधारणपणे १५ आणि हलक्या कामाचं १३ आहे (विकसनशील देशांना १४ आणि १२ ची सवलत). आपला गट जवळजवळ सगळा त्याच्याही खालचा. त्यामुळे कागदोपत्री मूल 'सहभागी', आणि टेस्टर आपण.

५ फेब्रुवारी : वयोगट पाडले

६–७, ८–१० आणि ११–१२. एकत्र बसवायचं नाही. अकरा वर्षांचं मूल शेजारी असलं की सहा वर्षांचं मूल स्वतः प्रयत्न करणं सोडतं आणि बघत बसतं.

६–७ : वाचन कच्चं, त्यामुळे पडद्यावरचा मजकूर नसल्यातच जमा. २० मिनिटं खेळ, त्यापुढे थकवा मोजला जातो, गेम नाही. बोलत बोलत खेळायला सांगितलं तर खेळ थांबतो किंवा बोलणं थांबतं.

८–१० : ३० मिनिटं. जोडीने बसवलं तर आपोआप बोलतात.

११–१२ : ४५ मिनिटं, मध्ये विश्रांती. काय केलं आणि काय झालं हे वेगळं सांगू शकतात. लेखी नोंद फक्त याच गटाकडून अपेक्षित.

प्रत्येक गटात निम्मी तरी मुलं रोज गेम न खेळणारी हवीत. ओळखीच्यांची मुलं गोळा केली की सगळी सराईत निघतात, आणि मग 'शिकवणीची लेव्हल सोपी आहे' असा खोटा निष्कर्ष हाती येतो.

६ फेब्रुवारी : परवानगी

पालकाची सही आणि मुलाचा होकार, दोन्ही. पालकाने सही केली असली तरी मुलाने "नको" म्हटलं की तिथेच संपलं. टॅब्लेट खाली ठेवणं, दाराकडे बघत राहणं, "किती वेळ राहिलाय?" हे दोनदा विचारणं, हेही "नको"च धरायचं.

चेहऱ्याचं चित्रीकरण नाही. पडदा आणि हात एवढंच. नावाऐवजी क्रमांक. चाचणीच्या बिल्डमधून जाहिराती, चॅट, खरी खरेदी आणि बाहेरचं ॲनालिटिक्स (वापराची माहिती गोळा करणारा भाग) पूर्ण काढलं आहे. नुसतं बंद केलेलं चालणार नाही, कारण लपवलेलं बटण मुलांच्या बोटाला सापडतंच. मुलांची ऑनलाइन माहिती जपणारा अमेरिकेचा कोप्पा कायदा १३ वर्षांखालच्यांना लागू आहे. युरोपात मर्यादा १६, देशागणिक ती १३ पर्यंत उतरते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल. सर्वांत कडक मर्यादा धरून चाललो की देशागणिक वेगळी बिल्ड ठेवावी लागत नाही.

गुप्ततेच्या करारावर मुलाची सही घेऊन काही हाती लागत नाही. मूल मित्राला सांगणारच. जे बाहेर जाऊ नये ते त्या बिल्डमध्ये ठेवायचं नाही, एवढाच इलाज.

१० फेब्रुवारी : लखलखाटाची तपासणी, मुलांच्या आधी

मुलांच्या हाती जाणाऱ्या कोणत्याही बिल्डला ही पायरी चुकवता येणार नाही. प्रकाशाच्या लखलखाटाने फिटचा झटका येण्याचा धोका लहान आणि किशोरवयात जास्त असतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा लखलखला आणि सहाशेहून जास्त प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलंच होती.

नियम: कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नाहीत, आणि गडद लाल तर टाळायचाच. आपल्या खजिन्याच्या पेटीचा इफेक्ट ६ फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) पांढरा, ६ फ्रेम काळा असा होता. ६० फ्रेमच्या गतीला ही जोडी १२ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला ५ लखलखाट. नापास. बदल: एकच उजळणं, ३० फ्रेममध्ये हळू चढतं आणि ३० मध्ये उतरतं, शिवाय पूर्ण पडद्याऐवजी पेटीभोवतीच. मुलं टॅब्लेट नाकाजवळ धरतात, त्यामुळे पडद्याचा छोटा भागही त्यांच्या नजरेत मोठा होतो. म्हणून नियमातली 'लहान भागाला सूट' ही पळवाट आपण वापरत नाही.

एकामागून एक तीन पेट्या उघडल्या तर? इफेक्ट एकमेकांवर चढतात. रांग लावली, एक संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही.

हेडफोनचा आवाजही आजच बांधला. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पातळी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. मीटरने मोजून टॅब्लेटचा कमाल आवाज त्याखाली अडवला.

१२ फेब्रुवारी : रेकॉर्डर

सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच. मूल बग घडवतं, पण "काय केलंस?" विचारलं तर "काही नाही" म्हणतं, आणि ते खोटं बोलत नसतं. त्याच्या लेखी खरोखर काही विशेष झालेलं नसतं. म्हणून स्मरणाचं काम यंत्राकडे.

प्रत्येक स्पर्शाची नोंद १२ बाइटची: फ्रेम क्रमांक ४, बोटाचा क्रमांक १, अवस्था १ (टेकलं, सरकलं, उचललं, रद्द झालं), आडवं स्थान २, उभं स्थान २, उरलेले २ राखीव. सर्वांत वाईट हिशोब म्हणजे दहाही बोटं, सेकंदाला ६० फ्रेम: ७,२०० बाइट दर सेकंदाला, २० मिनिटांत साडेआठ एमबीच्या आसपास. पडद्याच्या व्हिडिओपुढे हे काहीच नाही, त्यामुळे कापाकापी न करता पूर्ण सत्र ठेवायचं.

नुसते स्पर्श ठेवून खेळ जसाच्या तसा पुन्हा चालत नाही. सोबत लागतं ते असं:

रँडमचं सुरुवातीचं बीज (ज्या आकड्यावरून गेममधले सगळे यादृच्छिक आकडे निघतात तो). प्रत्येक फ्रेमचा प्रत्यक्ष कालावधी, नाहीतर दोन-तीन मिनिटांत पात्र वेगळ्याच फळीवर उभं दिसतं. मागच्या बाजूने होणारं लोडिंग कोणत्या फ्रेमला संपलं ते. पुन्हा चालवताना त्या फ्रेमला लोडिंग झालं नसेल तर खेळ थांबवून वाट बघायची. बिल्ड क्रमांक आणि टॅब्लेटचं मॉडेल, कारण वेगळ्या प्रोसेसरवर दशांशांचे हिशोब केसाएवढे बदलतात आणि भौतिकीचं इंजिन (उडी, धक्का, टक्कर यांचा हिशोब करणारा भाग) तो केस ओढून दोरखंड करतं.

बोटाचा क्रमांक बोट उचलल्यावर दुसऱ्या बोटाला पुन्हा दिला जातो. 'बोट १' म्हणजे सत्रभर तेच बोट, असं समजून विश्लेषण केलं तर सगळं चुकतं.

१७ फेब्रुवारी : खोली

टॅब्लेट तिरप्या स्टँडवर नाही, हातात. स्टँडवर ठेवला की तळहात पडद्याला लागत नाही आणि अर्धे बग तिथेच लपतात. मोठ्या माणसाने बाजूला, थोडं मागे बसायचं; समोर बसलं की मूल दर उडीनंतर चेहरा वाचतं. पालक खोलीत, पण पडदा न दिसणाऱ्या जागी. पडदा दिसला की पालक सांगतातच, "अरे ते लाल दाब ना!"

सुरुवातीची वाक्यं ठरवून घेतली. "आम्ही हा गेम तपासतोय, तुला नाही." "यात काही ठिकाणी बिघाड आहेत, ते तुझ्यामुळे नाहीत." "खेळशील का?" असं विचारायचं नाही, होकार आधीच घेतलेला असतो, आणि इथे आलेलं "नाही" त्या लेव्हलला आहे की सत्रालाच ते आपल्याला कळत नाही. "आता हे खेळून बघू" असं सांगायचं. थांबायची मुभा मात्र आधीच दिलेली असते.

मदतीची शिडी: पहिली पायरी "तुला काय वाटतं?", दुसरी "मघाशी काय केलं होतंस?", तिसरी बोट दाखवणं, चौथी स्वतः करून देणं. प्रत्येक ठिकाणी कोणत्या पायरीपर्यंत जावं लागलं तो आकडा लिहायचा. 'अडलं' या शेऱ्यापेक्षा हा आकडा दसपट उपयोगाचा.

१९ फेब्रुवारी : ६–७ गट

टॅपवर टॅप. 'पुढे' बटण दाबलं, लोडिंग सुरू झालं, पडदा हलेना, म्हणून तेच बटण दाबत राहिले. लेव्हल दोनदा लोड झाली आणि दोन नायक एकदम उड्या मारू लागले. मुलांना ते फारच आवडलं. एकानेही तक्रार केली नाही.

ही गोष्ट ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे: मुलाला गेम कसा 'असायला हवा' हे माहीत नसतं, त्यामुळे बग त्याला वैशिष्ट्य वाटतं. मोठा टेस्टर अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांची तुलना करतो. इथे तुलनेची एक बाजूच रिकामी. म्हणजे मुलाच्या गप्प बसण्यावरून बिल्ड स्वच्छ आहे असं कधीच ठरवायचं नाही.

दुरुस्तीत पहिला प्रस्ताव होता की बटण ३०० मिलिसेकंद बधिर करावं. नाकारला. जुन्या टॅब्लेटवर लोडिंग चार-पाच सेकंद चालतं, तिथे ३०० मिलिसेकंद कुठे पुरतात? बटण पहिल्या दाबाला बंद आणि नवी लेव्हल पूर्ण उभी राहिल्यावरच चालू, असं अवस्थेला बांधलं. शिवाय दाबल्याबरोबर काहीतरी हललंच पाहिजे. पडदा निश्चल राहिला की बोट थांबत नाही.

बटणांचा आकार: अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी (पडद्यावरच्या आकाराचं त्यांचं माप), म्हणजे साधारण ७.६ मिमी. या गटाला ते पुरत नाही. बोट टेकवून किंचित घसरवतात आणि टॅपचं ओढणं होतं. मुख्य बटणं २ सेंमी केली आणि टॅप-ओढणं यांच्यातला उंबरठा वाढवला.

२० फेब्रुवारी : दोन बोटं, दोन किल्ल्या

कालच्या रेकॉर्डिंगमधून निघालेला आतापर्यंतचा सर्वांत चांगला बग. पिशवीतली किल्ली दोन बोटांनी एकदम धरली, एक बोट एका कुलपावर सोडलं आणि दुसरं दुसऱ्यावर. दोन्ही कुलपं उघडली, किल्ली एकच.

कारण: ओढण्याच्या कोडमध्ये 'कोणती वस्तू' एवढंच साठवलं होतं, 'कोणत्या बोटाने' हे नव्हतं. दुसऱ्या बोटाने दुसरं ओढणं सुरू झालं आणि दोन्ही सोडण्या वैध ठरल्या.

दुरुस्ती: वस्तू पहिल्या बोटाच्या क्रमांकाला बांधायची, ते सुटेपर्यंत इतर बोटांकडे दुर्लक्ष. 'रद्द' ही अवस्था आली (तळहात टेकला, सूचना खाली आली) तर वस्तू मूळ जागी. ही 'रद्द' अवस्था बहुतेक कोडमध्ये विसरलेली असते, कारण टेबलावर नीट बसून एका बोटाने तपासणाऱ्याला ती कधी भेटतच नाही.

पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या मोठ्या माणसाने लिहिल्या. मुलाला त्या हालचालीची आठवणही नव्हती.

२४ फेब्रुवारी : हसरे चेहरे

जॅनेट रीड आणि सहकाऱ्यांचं 'स्मायलीओमीटर', म्हणजे नाराज ते खूप खूश अशा पाच चेहऱ्यांची पट्टी, ६–७ गटाला दिली. अपेक्षेप्रमाणे सगळे टोकाच्या हसऱ्या चेहऱ्यावर. लहान मुलं असंच करतात हे त्या पद्धतीच्या अभ्यासकांनीच नोंदवलं आहे. समोर बसलेल्या मोठ्या माणसाला बरं वाटावं असंही त्यात असतं.

पट्टी रद्द. तिच्याऐवजी दोन गोष्टी. एक, लेव्हलची चित्रं असलेली कार्डं आवडीप्रमाणे ओळीने लावायची. ओळीत सगळी पहिली येऊ शकत नाहीत. दोन, शेवटची पाच मिनिटं मोकळी: कोणतीही लेव्हल, किंवा शेजारी ठेवलेले कागद-रंग. काय निवडलं ते लिहायचं. कार्डांवर पहिली आलेली लेव्हल मोकळ्या वेळात कोणी उघडलीच नाही, तर दुसऱ्या नोंदीवर विश्वास ठेवायचा.

२६ फेब्रुवारी : ८–१० गट, शिकवणारी जोडी

फिनलंडमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत: एक मूल आधी खेळतं, मग तेच दुसऱ्याला शिकवतं, आणि आपण फक्त ऐकतो. शिकवणारं मूल जिथे "हे असंच असतं, तू फक्त कर" म्हणतं, तिथे गेमने कारण दिलेलं नाही असं समजायचं. तरंगत्या दगडांच्या लेव्हलला प्रत्येक जोडीत हे वाक्य आलं. दगड नायक उतरल्यावर बुडतात की वेळेवर बुडतात, हे कोणालाच कळलं नव्हतं. पार मात्र सगळे झाले होते, त्यामुळे नुसत्या 'लेव्हल पूर्ण' च्या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

शिकवताना टॅब्लेट शिकणाऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे. नाहीतर "थांब, मी दाखवतो" होतं आणि सत्र वाया जातं.

३ मार्च : "अडकलं"

या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात हे आता पक्कं झालं. नोंद करणाऱ्याने लगेच, टॅब्लेट हातात न घेता, या क्रमाने बघायचं:

१. मागचे ढग हलतायत का, संगीत चालू आहे का? दोन्ही बंद असतील तर गेम गोठला. लॉग (गेमने स्वतः लिहिलेली नोंद) लगेच काढा.
२. ढग हलतायत, पण कोणतंच बटण ऐकत नाही. अदृश्य खिडकी स्पर्श खातेय किंवा एखादं बोट 'टेकलेलं' राहिलंय. सगळी बोटं उचलायला सांगा. सुटलं तर कारण टेकलेलं बोट.
३. बटणं ऐकतात, नायक जागचा हलत नाही. तो भिंतीच्या आकारात रुतला. स्थानाचे आकडे टिपा.
४. सगळं चालतंय, पुढे काय करायचं ते कळत नाही. हा बग नाही, रचनेचा प्रश्न. मदतीची शिडी सुरू करा.

सगळ्यात जास्त चौथं असतं. पण लाजाळू मूल चौथ्यालाही "बिघडलं" म्हणतं, कारण आपण सुरुवातीलाच सांगितलेलं असतं की बिघाड आहेत.

"दादा, हे अडकलं" असं ऐकल्यावर पहिला प्रश्न "काय झालं?" नाही. "पुन्हा करून दाखव बरं." हात आठवतात, तोंडाला सांगता येत नाही.

६ मार्च : रिकामी सेव्ह फाइल

मुलं कडेवरून बोट ओढतात आणि गेम मागे जातो. नेमकं त्याच वेळी आपोआप सेव्ह चालू असेल आणि प्रणालीने गेम बंद केला, तर फाइल शून्य बाइटची. पुढच्या वेळी सगळी प्रगती गायब.

दुरुस्ती नेहमीचीच: तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, डिस्कवर उतरल्याची खात्री करायची, मग नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवायचं. आधीची एक प्रत राखायची आणि उघडताना फाइलसोबत साठवलेली तिच्या मजकुराची बेरीज जुळते का ते बघायचं.

इथे एक विरोधाभास सापडला. सत्र सुरळीत चालावं म्हणून काही टॅब्लेटवर स्क्रीन पिनिंग, म्हणजे गेममधून बाहेर पडू न देणारी सोय, लावलं होतं (आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस). त्या टॅब्लेटवर हा बग येणं शक्यच नव्हतं. पुढे निम्मी सत्रं पिनिंगशिवाय, दुसरं काहीही उघडणार नाही अशा कोऱ्या खात्यावर.

१० मार्च : ११–१२ गट, लेखी नोंद

तीन ओळींचा कागद: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. तिसरी ओळ सर्वांत अवघड. तिथे बऱ्याचदा इच्छा येते ("तलवार मिळायला हवी होती"). फेकायची नाही, वेगळ्या ढिगात ठेवायची. रचनाकारांना ती लागते.

या वयाची काही मुलं खरोखर टेस्टरच्या वृत्तीची असतात. बग सापडला की खेळणं सोडून त्याच्या मागे लागतात, अट बदलून बघतात, "डावीकडून केलं तर होत नाही" असं सांगतात. ही वृत्ती वयापेक्षा स्वभावाची. पण त्यांनाही कालचाच बग दुरुस्त झाला का ते पाच टॅब्लेटवर बघायला सांगितलं की दुसऱ्या टॅब्लेटला जांभया. रास्त आहे, तो कंटाळा सोसण्यासाठीच मोठ्यांना पगार मिळतो.

बक्षीस: सगळ्यांना सारखं, सत्राच्या सुरुवातीलाच सांगितलेलं, अर्ध्यातून उठलं तरी मिळणारं. बगमागे बक्षीस ही सूचना आली होती. तसं केलं की एकाच बगच्या दहा नोंदी येतात, हरणं हाही 'बग' होतो, आणि खेळाची मजुरी होते.

१३ मार्च : भिंतीपलीकडे

नायक कधीकधी भिंतीतून आरपार जातो. मोठ्या टेस्टरना हा कधी मिळाला नव्हता. रेकॉर्डिंग बघितल्यावर कारण सरळ निघालं: मुलं स्प्रिंगवर थांबतच नाहीत, वर दुसऱ्या बोटाने 'झेप' दाबत राहतात. धक्के एकमेकांत मिळतात आणि वेग सेकंदाला ३० मीटरवर जातो. मोठा माणूस स्प्रिंगवरून एकदा उडतो आणि पुढे जातो.

हिशोब: युनिटीत भौतिकीची पायरी (स्थानाच्या दोन हिशोबांमधला वेळ) मुळात ०.०२ सेकंदाची, म्हणजे एका पायरीत ०.६ मीटर. भिंत ०.२ मीटर जाड, नायकाचा व्यास ०.३. दोघांचा संपर्क होईल असा पट्टा ०.५ मीटर. पायरी पट्ट्यापेक्षा मोठी, त्यामुळे साधारण सहातून एकदा इंजिनला टक्कर दिसतच नाही. शिवाय टक्कर दिसली तरी नायक भिंतीत खोल असेल तर इंजिन त्याला जवळच्या, म्हणजे कधीकधी चुकीच्या बाजूला ढकलतं.

केलं: वेगाला १८ चं छत (पायरी ०.३६, पट्ट्याच्या आत), नायकाला 'कंटिन्युअस' टक्कर-तपासणी (दोन पायऱ्यांमधला मार्गही बघणारी), बाहेरच्या भिंती १ मीटर जाड. फक्त कंटिन्युअस करून भागलं असतं असं एक मत होतं. वेगाला छत नसेल तर कॅमेरा मागे पडतो, म्हणून तिन्ही ठेवलं.

१४ मार्च : नाव लिहायची चौकट

मुलं नावात काहीही भरतात: एकच अक्षर पडदाभर, दहा इमोजी, नुसती मोकळी जागा. आपली मर्यादा १६ बाइटची होती. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे पाच चिन्हं बसतात, सहाव्याचा एकच बाइट उरतो आणि शेवटी चौकोनी ठिपका दिसतो. 'क्षितिजा' वाचायला तीन अक्षरं, साठवायला आठ चिन्हं, २४ बाइट. मर्यादा आता दिसणाऱ्या अक्षरांवर (१२), आणि साठवणुकीची जागा त्याला पुरून उरेल एवढी.

१८ मार्च : माकड विरुद्ध मूल

'मुलं काय, यादृच्छिक दाबतात. ते यंत्रही करेल' हा आक्षेप तपासायलाच हवा होता. कल्पना जुनी आहे: ॲपलमध्ये स्टीव्ह कॅप्स यांनी १९८३ मध्ये मॅकिंटॉशसाठी 'मंकी' नावाचा असाच प्रोग्रॅम लिहिला होता. अँड्रॉइडसोबत त्याच नावाचं साधन येतं. मांडणी: बीज ठरावीक, घटना ५०,०००, दोन घटनांमध्ये १०० मिलिसेकंद. म्हणजे सुमारे ८३ मिनिटांची एक फेरी, रात्रभर लावून ठेवता येते.

माकडाला क्रॅश आणि गोठणं सापडतं, आणि त्याच बीजाने तोच क्रम पुन्हा देता येतो. मुलाकडून तोच क्रम पुन्हा मिळत नाही, त्यासाठी रेकॉर्डर लागतो. पण माकड पडद्यावर सगळीकडे सारखं टोचत राहतं आणि पहिल्याच दाराशी रेंगाळतं. दोन नायक पडद्यावर आले तर त्याला वेगळं काही वाटत नाही. मूल चमकणाऱ्या वस्तूकडे जातं, हसतं, तेच पुन्हा करतं. ते हसणं हीच आपली खूण. स्प्रिंगचा बग माकडाला मिळाला नाही, कारण स्प्रिंगपर्यंत पोचायला लागणारी सलग शहाणी पावलं त्याच्या हातून पडत नाहीत.

२० मार्च : प्रत्येक गटात किती मुलं

'पाच पुरतात' हे सगळीकडे ऐकू येतं. त्यामागे नील्सन आणि लँडाउअर यांचं १९९३ चं सूत्र आहे: एका माणसाला एखादी अडचण येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली तर पाच जणांत साधारण ८४ टक्के अडचणी दिसतात. ते ३१ टक्के मुलांना आणि गेमला तसेच लागू होतील असं मानायला आधार नाही. शक्यता १० टक्के असेल तर पाच मुलांत ४१, दहा मुलांत ६५ टक्के. भिंतीसारखे बग तर त्याहूनही दुर्मीळ.

म्हणून प्रत्येक गटात पाच-पाच, पण बिल्ड दुरुस्त करून पुन्हा नवे पाच. एकाच बिल्डवर सगळी मुलं खर्च करायची नाहीत. तेच मूल दुसऱ्यांदा बोलावलं तर शिकवणीच्या लेव्हलसाठी त्याची नोंद धरायची नाही. एकदा कळलेलं त्याला 'न कळलेलं' करता येत नाही.

२५ मार्च : रात्रपाळी

रेकॉर्डिंगमधली निवडक सत्रं रोज रात्री नव्या बिल्डवर चालवायला लावली. फेरतपासणीचं रटाळ काम अशा रीतीने मुलांच्याच बोटांनी होतं आणि मूल खोलीत नसतं.

लगेच आलेली अडचण: कोणी 'पुढे' बटण थोडं सरकवलं की जुना स्पर्श रिकाम्या जागेवर पडतो आणि पुढचं सगळं घसरतं. आता प्रत्येक स्पर्शासोबत तो कोणत्या वस्तूवर पडला तिच्या अंतर्गत नावाचा क्रमांकही साठवतो (१२ बाइटमधले राखीव २ इथे कामी आले). मांडणी बदलली असेल तर नावाने, नसेल तर जागेने. भौतिकीत बदल झाला की उड्यांची रेकॉर्डिंग बाद. मेन्यू, पिशवी आणि नावाची चौकट मात्र टिकतात.

मुलांच्या स्पर्शांचा घनतेचा नकाशा काढून तो माकडाला वजन म्हणून दिला आहे: ७० टक्के घटना नकाशाप्रमाणे, ३० टक्के मुक्त. यातल्या १५ टक्के दोन बोटांच्या. आकडे अंदाजाने ठेवलेत, बदलतील.

२७ मार्च : उरलेलं

६–७ गटाची पुढची फेरी दुरुस्त शिकवणीवर, नवी मुलं. तरंगते दगड आता बुडण्याआधी थरथरतात. शिकवणाऱ्या जोडीकडून पुन्हा ऐकायचं.

डावखुरी मुलं एकाही गटात ठरवून घेतलेली नाहीत. उडीचं बटण उजव्या कोपऱ्यात असताना हे चालणार नाही, निवडीच्या अर्जात रकाना टाकला.

दोन नायकांचा बग बंद केला आहे. रचनाकारांनी त्याची रेकॉर्डिंग मागून घेतली. जोडीने खेळायची लेव्हल त्यावरून बांधून बघणार आहेत. चाचणी गटाकडे ती आल्यावर २० फेब्रुवारीची किल्ली आणि १३ मार्चची स्प्रिंग, दोन्ही आधी त्यावर चालवायच्या.